बारामतीचे ढग आणि २४ टक्के

पाऊस लांबला की इंदापूर-बारामतीकडे दोन विषय हमखास निघतात : नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन आणि कृत्रिम पाऊस. हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, वालचंदनगरच्या आसपास तो जेमतेम ५०० मिलिमीटर. ढग मात्र डोक्यावरून जाताना रोज दिसतात. मग 'विमानाने मीठ फवारले आणि पाऊस पडला' अशी बातमी येते आणि मुले वर्गात विचारतात, हे खरे का?

बातमीत एक प्रश्न राहून गेलेला असतो : मीठ फवारले नसते, तर त्या दिवशी किती पाऊस पडला असता? तो पाऊस कोणत्याही पर्जन्यमापकात मोजता येत नाही. या अडचणीला भिडणारा एक प्रयोग आपल्याच भागात झालेला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने १९७३, १९७४, १९७६ आणि १९७९ ते १९८६ अशी ११ वर्षे बारामती परिसरात तो केला.

कल्पना साधी होती. ढगातला थेंब फार लहान असतो. असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले की पावसाचा एक थेंब होतो. मिठाचे कण बाष्प ओढून घेऊन मोठे थेंब बनवतात आणि ते खाली येताना लहान थेंबांना गिळत जातात.

खरे कौतुक करावे ते आखणीचे. उत्तरेचा एक पट्टा, दक्षिणेचा एक आणि मध्ये मोकळा पट्टा, म्हणजे एकीकडचे मीठ दुसरीकडे जायला नको. कोणत्या पट्ट्यावर फवारायचे, ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवावर सोपवलेले. पाऊस येणारच असे दिसणारे ढग वैमानिकाने निवडण्याचा प्रश्नच उरला नाही.

हिशेब फळ्यावर मांडता येईल. समजा, उत्तरेत मीठ टाकले त्या दिवशी तेथे ६ आणि दक्षिणेत ४ मिलिमीटर पाऊस पडला : गुणोत्तर १.५. दक्षिणेत टाकले त्या दिवशी दोन्हीकडे ५ : गुणोत्तर १. दोहोंच्या गुणाकाराचे वर्गमूळ सुमारे १.२२, म्हणजे वाढ २२ टक्के. एक पट्टा मुळातच अधिक पावसाचा असला, तरी गुणाकारात तो फरक कटून जातो.

प्रत्यक्ष प्रयोगात वाढ आली २४ टक्के. मिठाचा काहीच परिणाम नसता, तर केवळ योगायोगाने एवढी वाढ दिसण्याची शक्यता शंभरात सुमारे चार होती.

तरीही हा आकडा डोळे मिटून घेऊ नये. तो सरासरीचा आहे. किमान एक किलोमीटर जाडीच्या, पाण्याने भरलेल्या ढगांतच परिणाम अनुकूल दिसला. उथळ ढगांत तो उलटा गेला. दुसरे, ही वाढ ढग असलेल्या दिवसांची आहे. खऱ्या अवर्षणात ढगच नसतात आणि शून्याचे २४ टक्के शून्यच. तिसरे, मोजमाप. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचा पर्जन्यमापक एका चौरस किलोमीटरसाठी वापरला, तर तो त्या जमिनीचा पाच कोटींवा भाग असतो. वळवासारखा पाऊस एका शिवारात पडतो, शेजारी धूळ तशीच राहते.

याच संस्थेने २०१८ व २०१९ मध्ये सोलापूरला नवा प्रयोग केला. ढगांची निवड पुन्हा यादृच्छिक. जोडीला रडार आणि पर्जन्यमापकांचे जाळे. सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के वाढ आढळली. दुष्काळ हटवणारा हा आकडा नव्हे. पण तुलनेतून आलेला असल्याने त्यावर चर्चा करता येते. महाराष्ट्र शासनाने २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाच्या मोहिमा राबवल्या. तेथेही आपण हाच प्रश्न विचारला पाहिजे : न फवारलेले ढग कोठे मोजले?

शाळांना एक प्रयोग सुचवतो. वालचंदनगर, लासुर्णे आणि सणसर येथील शाळांनी जून ते सप्टेंबर रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून वहीत लिहावा. हंगामाअखेर कोणत्याही दोन ठिकाणांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहावे : विमान न उडताही एका गावचा पाऊस दुसऱ्यापेक्षा २४ टक्क्यांनी जास्त असल्याचे किती दिवस निघतात?