कागदी कप आणि समोरचा माणूस

संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, ‘चहाचा कागदी कप.’ पलीकडून थोडा वेळ काही आवाजच आला नाही. तत्त्वज्ञानाचा माणूस म्हटल्यावर त्यांना शंकराचार्य नाहीतर कांट अपेक्षित असणार. शिवाय हे अंबाजोगाई. ज्यांच्या विवेकसिंधूपासून मराठीतला तत्त्वविचार सुरू झाला असं आपण मानतो, त्या मुकुंदराजांची समाधी या गावात आहे. इथं उभं राहून चहावर बोलायचं म्हणजे जरा धारिष्ट्यच. पण आम्ही आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं, आणि आमचा अनुभव असा की नीतीची परीक्षा वर्गात वर्षातून एकदा होते, चहाच्या टपरीवर रोज होते.

आज सकाळचीच गोष्ट. बसस्थानकासमोर आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. उजव्या हातात चहाचा कागदी कप, डाव्या हातात मोबाईल, खांद्यावर बॅग. आम्हाला पाहून बिचारा गोंधळला. नमस्कार करायचा तर कशानं? शेवटी त्यानं कपच थोडा वर उचलला. आम्हीही मान हलवली. मुलगा गुणी आहे, त्याच्या मनात आदर नव्हता असं अजिबात नाही. पण दोन्ही हात गुंतलेले होते.

पूर्वी हे होत नसे. आपल्या मराठवाड्यात वर पत्रे आणि खाली दोन बाकडी असली तरी त्याला आपण ‘हॉटेल’च म्हणतो. त्या हॉटेलात चहा काचेच्या ग्लासात नाहीतर कपबशीत यायचा. तो ग्लास मालकाचा. तो परत द्यायचा असायचा, म्हणून तो परत करेपर्यंत माणसाला तिथंच थांबावं लागायचं. त्या पाच मिनिटांत कापसाचा भाव कळायचा, कुणाची विहीर आटली ते कळायचं, वर्तमानपत्राचं एक पान याच्याकडे, दुसरं त्याच्याकडे फिरायचं. ओळखीचं कुणी आलं की बशीत अर्धा ओतून द्यायचा. ‘वन बाय टू’ हा शब्द तिथलाच. कागदी कपातला अर्धा चहा कुणाला कसा देणार? बशीच नाही.

उपनिषद या शब्दाचा अर्थच मुळात जवळ बसणं असा आहे. कांटसाहेबसुद्धा म्हणत की तत्त्वज्ञानं एकट्यानं जेवणं प्रकृतीला बरं नाही, पंगतीला तिघांपेक्षा कमी आणि नवांपेक्षा जास्त माणसं नसावीत. कॉफीचा इतिहासही असाच बसण्याचा आहे. लंडनच्या कॉफीघरांत लोक बसून इतकं बोलू लागले की १६७५ च्या डिसेंबरात दुसऱ्या चार्ल्स राजानं ती बंद करण्याचा हुकूम काढला, आणि ओरड झाल्यावर थोड्याच दिवसांत मागे घेतला. राजाला भीती कॉफीची नव्हती, बसून बोलणाऱ्यांची होती. आज कॉफी हातात घेऊन चालत सुटणाऱ्यांची भीती कोणत्या राजाला वाटेल?

ही चालती कॉफी मोठ्या शहरांतली. स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला उघडलं. तिथं म्हणे कपावर गिऱ्हाइकाचं नाव लिहितात. आपल्याकडं हॉटेलवाल्याला नाव लिहून ठेवावं लागत नव्हतं, त्याला आजोबांपासूनची नावं पाठ असायची. आपल्याकडं ती चाल कॉफीच्या नाही, चहाच्या रूपानं आली. बीडला जालना रोडनं जा, ‘अमृततुल्य’च्या पाट्या दिसतात, आणि पार्सल चहा तर आता खेडोपाडी मिळतो.

त्यानं वागणं कसं बदललं पाहा. पूर्वी ‘दादा, एक चहा द्या’ म्हणावं लागे. आता कानातलं यंत्र न काढता दोन बोटं वर करायची, कप उचलायचा, कोड स्कॅन करायचा. पैसे मिळाले हे डबा बोलतो. देणारा आणि घेणारा दोघेही मुके, बोलतो तो डबा! कार्यालयात सातबाऱ्यासाठी म्हातारा शेतकरी टेबलासमोर उभा असतो आणि साहेब घोट घेत घेत फाइल चाळतात. चहा पिऊ नये असं कोण म्हणतं? पण समोर माणूस उभा असताना ‘घ्या थोडा’ म्हणायची रीत होती. शेतकरी ‘नको साहेब’च म्हणायचा. तरी विचारल्यानं तो माणसात धरला जायचा.

आता इथपर्यंत आपण माना डोलावल्या. हेच सगळं आम्ही मागं एका बैठकीत बोललो होतो, तिथंही माना डोलल्या होत्या. बैठक संपल्यावर आमच्याच वयाचे एक गृहस्थ जवळ आले. शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, बालपण गावकुसाबाहेर गेलेलं. शांतपणे म्हणाले, ‘‘सर, तुमचा तो काचेचा ग्लास आमच्यासाठी होता का?’’

आमच्याकडं उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. त्यांच्या गावच्या हॉटेलात त्यांचे कप बाहेर वेगळे ठेवलेले असत. आपणच घ्यायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपणच धुवून जागेवर ठेवायचा, आणि पैसे मात्र सगळ्यांइतकेच. आणि आमच्या घरी? आमच्या वडिलांच्या वाड्यात सालगड्याचा कान तुटलेला कप गोठ्याच्या देवळीत असायचा. आमचं घर गावात सुसंस्कृत म्हणून ओळखलं जाई. आम्ही लहानपणी त्या कपाला शिवत नसू, आणि याला वाईट वागणं म्हणतात हे आम्हाला कुणी शिकवलं नाही.

ते गृहस्थ पुढं म्हणाले, ‘‘कागदी कप आला आणि टपरीवर सगळ्यांना सारखा कप मिळाला. तुम्हाला त्यात शिष्टाचार गेलेला दिसतो, आम्हाला अपमान गेलेला दिसतो.’’

मित्रहो, या वाक्यानं आमचं सगळं व्याख्यान कोसळलं. त्यानंतर आम्ही ते नव्यानं मांडायला घेतलं, तेच आज आपल्यापुढं ठेवतो आहोत.

चहाचा कप आपल्या समाजात कधीच नुसता कप नव्हता. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोश्यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावलं. चहा-बिस्किटं पुढं आली. कुणी प्याले, कुणी नुसता हात लावला. पुढं नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि केवढं वादळ उठलं! न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक, दोघांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून जावं लागलं. एका कपानं एवढं होऊ शकतं, कारण तो कुणाच्या हातचा आणि कुणाच्या तोंडचा, हा इथला प्रश्न होता.

गंमत म्हणजे कागदी कपाचा जन्मही दुसऱ्याच्या तोंडाच्या भीतीतूनच झाला. अमेरिकेत रेल्वेत, शाळांत पाण्यापाशी सगळ्यांसाठी एकच पत्र्याचा पेला असे. त्यातून क्षयासारखे रोग पसरतात म्हणून १९०९ मध्ये कॅन्सस राज्यानं तो बंद केला, आणि त्याच सुमारास लॉरेन्स लुएलेननं कागदी कप आणला. ती भीती रोगजंतूंची होती, आणि खरी होती. आपल्या उत्तरेकडं मातीचं कुल्हड एकदा वापरून फोडतात. २००४ मध्ये ते रेल्वेत आणलं तेव्हा त्याचं कौतुक झालं, पण त्या फोडण्यामागं उष्ट्याची, विटाळाची कल्पनाही होतीच. स्वच्छता रोग्याला आणि निरोग्याला एकच नियम लावते. विटाळ जात पाहून नियम लावतो. दोन्हींत टाकून द्यायचं भांडं सारखंच दिसतं, म्हणून आपली फसगत होते. आणि हा कप नुसत्या कागदाचा तरी कुठं असतो? आत प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की गरम पेय त्यात १५ मिनिटं राहिलं तर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिक कण उतरतात. तेव्हा स्वच्छतेचा दावाही जपूनच करावा.

मग कागदी कपानं समता आणली का? आम्हाला १९२७ चा महाड आठवतो. बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते तहान भागवायला गेले नव्हते, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केलं होतं. प्रश्न त्याच तळ्याचा होता, माणूस म्हणून बरोबरीचा होता. कुणी म्हणालं असतं, ‘तुम्हाला वेगळ्या घागरी भरून देतो’, तर सत्याग्रह मिटला असता का? कागदी कप ही अशी वेगवेगळी घागर आहे. प्रत्येकाला स्वतंत्र, कुणाचं उष्टं कुणाला नाही. अपमान गेला हे खरं, आणि ते लहान नाही. पण ज्यांनी वेगळे कप ठेवले होते त्यांना मन बदलावंच लागलं नाही. प्रश्न न सोडवताच पाटी पुसली गेली.

आम्हाला हे कळलं कुठं? आमच्याच स्वयंपाकघरात. घरी नळ दुरुस्त करायला एक मुलगा आला होता. चहा झाला. आम्हाला नेहमीचा कप, त्याला कागदी. फळीवर पाहिलं तर कपांचं पाकीट. ते करोनाच्या वर्षी आम्हीच आणलं होतं. करोना गेला, पाकिटं येतच राहिली. येतात ती कुणासाठी? नळवाला, गॅसवाला, ड्रायव्हर, भांडी घासणाऱ्या मावशी. पाहुण्यांना कधी कागदी कपात चहा दिल्याचं आम्हाला आठवत नाही. देवळीतला कप सत्तर वर्षांत फळीवर आला, एवढाच काय तो प्रवास.

पुढच्या खेपेला तो मुलगा आला तेव्हा आम्ही त्याला आमच्यासारख्याच कपात चहा दिला. ‘‘राहू द्या सर, कागदी चालतो,’’ म्हणाला. आम्ही ‘बस’ म्हणालो, तो उंबऱ्याजवळ बसला. चहा झाल्यावर उठला आणि कप घेऊन नळाकडं निघाला. धुवायला. हे त्याला कुणी शिकवलं होतं? आम्हीच. आमच्यासारख्या सगळ्या सुसंस्कृत घरांनी मिळून.

एक गोष्ट स्पष्ट करू. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. मध्यरात्री ट्रकमधून उतरून उभ्या उभ्या चहा पिणाऱ्या बाईला आम्ही शिष्टाचार शिकवणार नाही. तिच्या वेळेवर मुकादमाची उचल आहे, थांबणं तिच्या हातात नाही. आमची तक्रार ज्यांना थांबता येतं आणि जे थांबत नाहीत त्यांच्याविषयी आहे. म्हणजे आपल्याविषयी.

जुनं हॉटेल परत आणा असं आम्ही म्हणत नाही. ते जसं होतं तसं परत यायलाही नको. आम्हाला पाहिजे ते कधी पुरतं झालंच नाही. एकच बाकडं, एकच ग्लास, धुतलेला, कुणाच्याही हातात जाणारा, आणि तो रिकामा होईपर्यंत समोरच्याशी बोलणं. घरी गेल्यावर फळीवर ते पाकीट आहे का पाहा, आणि असेल तर ते कुणासाठी आहे हे स्वतःला विचारा.

बाहेर चहा ठेवलेला आहे. संयोजकांना विनंती करून आम्ही तो ग्लासात द्यायला लावला आहे. ते म्हणाले, ‘‘धुणार कोण?’’ आम्ही म्हणालो, आम्हीही धुऊ. तेव्हा कुणी घाईनं निघू नये.