पगडी कोणाच्या डोक्यावर बसते?

मंडळी, कळमनुरीत नाटकावर बोलायचं म्हटलं की मुंबई-पुण्याची नावं आधी तोंडात येतात. मी आज परभणीच्या पलीकडचं एक नाव घेणार आहे. राजकुमार तांगडे, जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थचे. शेती करता करता नाटक लिहिणारा माणूस.

त्यांच्याविषयी लिहिताना ‘शेतकरी नाटककार’ हे कौतुक पहिल्या ओळीत येतं आणि पुष्कळदा समीक्षा तिथंच संपते. हा अन्याय आहे. कौतुक शेताचं झालं, नाटकाचं राहून गेलं.

‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ बघा. नाटक 2012 साली आलं. मूळ कल्पना आणि संगीत संभाजी भगतांचं, दिग्दर्शन नंदू माधवांचं, लेखन तांगडेंचं. नट बहुतेक जालन्याकडचेच. गोष्ट काय? यम महाराजांना न्यायला येतो. महाराज जातात, विचार मात्र मागं राहतात. मग यम पगडी घेऊन, ती नेमकी बसेल असं डोकं शोधत फिरतो. ही नुसती गंमत नाही, हा युक्तिवाद आहे. तसबिरीला हार कोणीही घालील. पगडी मापाचीच लागते.

दुसरी गोष्ट भाषेची. आपली मराठवाडी बोली शहरातल्या नाटकात बहुधा गडी-माणसाच्या तोंडी, हसू आणण्यापुरती येते. इथं त्याच बोलीत इतिहासावर वाद झडतो. शाहिरांचे सवाल-जवाब आपल्याला जलशातून, तमाशातून ठाऊक आहेत. तांगडेंनी त्यांना वादसभेचं काम दिलं. त्यांचं ‘आकडा’ हे नाटक गावातल्या विजेच्या प्रश्नावरचं. नावातच दोन अर्थ: तारेवर टाकायचा तो आकडा, आणि बिलावर येतो तोही आकडाच.

आता एक तक्रारही करतो, कारण नुसतं गोड बोलणं म्हणजे पुन्हा तेच कौतुक. भीमनगरच्या सवाल-जवाबात एका बाजूचा शाहीर आधीच हरायला उभा केलाय, असं वाटत राहतं. समोरचा तगडा असता तर वाद आणखी रंगला असता, आणि त्या बाजूचा प्रेक्षकही खुर्चीत जरा अस्वस्थ होऊन बसला असता.

तरी एवढं नक्की म्हणेन. आपल्या बोलीत विचार मांडता येतो, हे या नाटकानं रंगमंचावर करून दाखवलं. पुढच्या लिहिणाऱ्यानं आता ‘आमची भाषा गावंढळ’ म्हणून लाजायचं कारण उरलं नाही. तो लिहिणारा कळमनुरीचाही असू शकतो.