‘अनुभव’ कोणाचा?

दलित साहित्याच्या चर्चेत ‘अनुभव’ हा शब्द आपण मोठी किंमत मोजून मिळवला आहे. प्रस्थापित समीक्षा सौंदर्याच्या गप्पा मारीत होती तेव्हा आपले लेखक म्हणाले, आधी जगणे पाहा. ज्याने भोगले त्याची साक्ष घ्या. आता हाच शब्द बाजाराने उचलला आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या जाहिराती वाचाव्यात. तिथे खोली विकत नाहीत, ‘अनुभव’ विकतात. पावसाचा अनुभव, धुक्याचा अनुभव. बँका, विमानकंपन्या, संगणकाचे धंदे, सगळ्यांना वापरणाऱ्याच्या अनुभवाची काळजी लागली आहे आणि त्याचे एक शास्त्रही उभे राहिले आहे. म्हणून वस्तू आणि सेवा चांगली कशाने ठरते, या प्रश्नाची समीक्षा आपल्या पानांवर व्हायला हवी.

हे शास्त्र सरसकट टाकाऊ नाही. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी अभ्यासकाने १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, दार ओढायचे की ढकलायचे हे माणसाला कळले नाही तर दोष माणसाचा नाही, दाराचा आहे. वरवर साधी वाटणारी ही गोष्ट आपल्या समाजाला लावून पाहिली की तिचे वजन कळते. इथे पाणवठा निर्दोष, देऊळ निर्दोष, धर्म निर्दोष. दोष काय तो शिवणाऱ्याच्या हातात, असेच शतकानुशतके शिकवले गेले. नॉर्मनने निदान बोट वस्तूकडे वळवले. पण त्याच्यासमोर आहे तो दार न उमगलेला माणूस. ज्याला पाहून दार लावून घेतात, त्या माणसाचे काय?

बाबासाहेबांनी बालपणीचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. १९०१ च्या सुमाराची गोष्ट. साताऱ्याहून भाऊ आणि भाच्यांसह ते वडिलांकडे गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनापर्यंत आगगाडी सुखाने आली. तिकीट होते, जागा होती. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला आणि एकही गाडीवान तयार होईना. अखेर तोड निघाली ती अशी : भाडे दुप्पट द्यायचे आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची. रात्रभर पाणी मिळाले नाही. ग्राहक आहे, पैसे आहेत, गाडी आहे, बैल आहेत. सेवा तेवढी नाही. ग्राहक राजा असतो असे म्हणणाऱ्यांनी हा प्रवास एकदा वाचावा. पैसा मोजला की मनुष्य ग्राहक होतो, हे अर्थशास्त्राचे गृहीतक जातीच्या देशात मसूर स्टेशनाबाहेर कोसळते.

याच प्रवासात आगगाडीचा मोठेपणाही दिसतो. तिसऱ्या वर्गाचे तिकीट जात विचारीत नसे. इंग्रजांनी ते समतेसाठी केले नाही, भाड्यासाठी केले. तरीही घडले ते घडले. कोणाच्या मेहेरबानीवाचून, हात न जोडता वापरता येणे, हा माझ्या मते चांगल्या सेवेचा पहिला गुण. चवदार तळ्याचा संग्राम त्यासाठीच होता. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता. कागदावर सेवा उपलब्ध होती. २० मार्च १९२७ रोजी ओंजळ भरून ती प्रत्यक्षात आणावी लागली.

आता बोरघाटाकडे येऊ. मळवली स्टेशनावरून भाज्याच्या लेण्यांकडे जाताना द्रुतगती मार्गावरचा पूल लागतो. या टापूत दोन हजार वर्षांच्या ‘सेवा’ शेजारी शेजारी पडल्या आहेत. भाज्याला एका पाण्याच्या पोढीवर महारठी कोसिकीपुत विण्हुदत याच्या दानाचा लेख आहे. बेडशाला सामडिनिका या महारठिनीचा. घाट चढून आलेल्याला प्रथम पाणी लागते, एवढी गोष्ट त्या कोरणाऱ्यांना ठाऊक होती. सातवाहनांच्या काळात सगळे आलबेल होते असा भाबडा दावा मी करणार नाही. दाते सत्तेतले होते. परंतु कार्ल्याच्या चैत्यगृहात शेठ आणि यवन दात्यांबरोबर एक सुतारही नोंदला आहे. धेनुकाकटचा सामी. दर्शनी दाराचे काम त्याने केले. दार ज्याने घडवले त्याचे नाव दाराशी राहिले.

पुढे याच घाटात लोहमार्ग आला. १८५६ ते १८६३ ही त्याची वर्षे. जानेवारी १८६१ मध्ये बेचाळीस हजारांवर माणसे कामावर होती. पटकीने आणि अपघातांनी हजारो मेली. ठेकेदार ट्रेडवेल मेला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिसने, काम तडीस नेले, हे इतिहासात येते आणि यावेच. पण त्या बेचाळीस हजारांत एकही सामी आपल्याला नावाने भेटत नाही.

२००२ साली पुरा झालेला साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग मोटारवाल्याला आवडतो, आणि त्याचे आवडणे खोटे नाही. दुचाकी, तीनचाकी आणि पायी चालणारा यांना तिथे मज्जाव आहे. कारण सुरक्षिततेचे आहे, तेही खरे. मात्र कामशेतचा सायकलवरचा दूधवाला या मार्गाच्या अनुभवात कुठेच येत नाही. त्याच्यासाठी तो रस्ता नसून भिंत आहे. भिंतीचा अनुभवही अनुभवच, पण तो कोणी विचारीत नाही.

खरा कस लागतो शौचालयापाशी. घाटातून जाणाऱ्या गाड्यांत वर्षानुवर्षे एक पाटी होती : गाडी स्थानकात उभी असताना शौचालयाचा वापर करू नये. कवितेची ओळ वाचावी तशी ही पाटी वाचावी. ती प्रवाशाला उद्देशून आहे. तिला फलाटावरच्या दुर्गंधीची चिंता आहे. नळीतून सगळे थेट रुळांवर पडते हे ती जाणते, आणि रूळ धुणाऱ्या माणसाचा तिच्यात उल्लेख नाही. बसणारा वापरकर्ता, उचलणारा कोणीच नव्हे. सफाईचे काम या देशात जातीने वाटले गेले, म्हणून ही उणीव अभियंत्याच्या विसरभोळेपणाची मानता येत नाही. मैला वाहण्याविरुद्धचा कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. सर्वोच्च न्यायालयाला २०१४ साली सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात रेल्वेलाही रुळांवरच्या या कामाविषयी बजावावे लागले. नंतर डब्यांत जैव-शौचालये आली. प्रवाशाला त्यात फारसा फरक जाणवत नाही. फरक पडला तो खाली उभ्या असलेल्याला, आणि माझ्या लेखी भारतीय रेल्वेच्या सेवेतली अलीकडची सर्वांत मोठी सुधारणा हीच.

२०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालील लोकसंख्येच्या शहरांत लोणावळा देशात दुसरे आले. विटा पहिले, सासवड तिसरे. अभिनंदनाचीच बाब. त्या गुणांत नागरिकांच्या अभिप्रायाचाही हिस्सा असतो. नागरिक सांगतो : संडास स्वच्छ होता, समाधान आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर गर्दी उसळते आणि सोमवारी झाडूवाली तिथे वाकते, तिचा अभिप्राय मात्र निराळ्या जातीचा असणार. तिला समाधान विचारू नये, बांधणी विचारावी. पाण्याचा नळ दारापासून किती लांब बसवला आहे, कोणत्या कोपऱ्यात फरशीचा उतार चुकल्याने पाणी साचते, ब्रशचा दांडा किती आखूड आहे, आणि काम संपल्यावर लुगडे बदलायला त्या इमारतीत जागा ठेवली आहे की नाही.