स्वयंप्रतिरक्षा विकार, प्रतिकारदमन उपचार आणि संसर्ग : उपलब्ध संशोधनाची चिकित्सा
(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींना परके मानू लागली की आमवात, ल्यूपस, रक्तवाहिन्यांचा दाह यांसारखे विकार उद्भवतात. ही यंत्रणा दाबून ठेवणे हाच त्यांवरील उपचार होय, आणि तोच संसर्गाचा धोकाही होय. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले. १९५० मध्ये हेंच, केंडॉल व राईखश्टाइन यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून आजतागायत लाभ आणि धोका यांचा हिशेब मांडणारे संशोधन सातत्याने प्रसिद्ध होत आले आहे. हे संशोधन कोणत्या रुग्णाकडे पाहून लिहिले गेले आणि मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरील तीन शहरांतील रुग्णाला ते कितपत लागू पडते, हा प्रस्तुत समीक्षेचा विषय आहे.

हा प्रश्न मूठभर लोकांचा नाही. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे झालेल्या पाहणीत प्रौढांमधील आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि बदलापूरची १,७४,२२६ होती. भिगवणचे प्रमाण येथे लावले, तर केवळ आमवाताचेच रुग्ण तीन हजारांच्या आसपास निघतात. हा अंदाज ढोबळ आहे. ग्रामीण पाहणीचे प्रमाण शहराला लावणे शास्त्रशुद्ध नव्हे. तथापि प्रश्नाचा आवाका त्यावरून ध्यानात येतो.

आकडे कोणाचे?

या विषयावरील चर्चेत २००१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या कीन व सहकाऱ्यांच्या निबंधाला पायाभूत स्थान आहे. इन्फ्लिक्सिमॅब या जैविक औषधानंतर क्षयरोग झालेल्या ७० रुग्णांची माहिती त्यात संकलित केली आहे. औषध सुरू केल्यापासून क्षयरोग प्रकट होईपर्यंतचा मध्यक काळ १२ आठवड्यांचा होता, आणि ४० रुग्णांमध्ये क्षयरोग फुप्फुसाबाहेर होता. जैविक औषधापूर्वी क्षयरोगाची तपासणी करण्याचा आज रूढ झालेला दंडक दृढ होण्यात या निबंधाचा मोठा वाटा आहे. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

मात्र त्याच निबंधातील एक तपशील सहसा उद्धृत होत नाही. त्या ७० पैकी ६४ रुग्ण क्षयरोगाचे प्रमाण कमी असलेल्या देशांतील होते. ज्या समाजात क्षयरोग विरळ असतो, तेथे उपचारानंतर अल्पावधीत तो प्रकट झाला तर शरीरात पूर्वीपासून सुप्त असलेला जंतू जागा झाला, असे मानणे रास्त ठरते. म्हणून उपचारापूर्वी एकदा तपासावे, सुप्त संसर्ग आढळल्यास प्रतिबंधक औषध द्यावे आणि निर्धास्त व्हावे, ही पद्धत तेथे बहुतांशी पुरते. भारतात, २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीनुसार, १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांना क्षयजंतूचा संसर्ग झालेला आहे. येथे रुग्णाला जुन्या जंतूइतकाच नव्याने होणाऱ्या संसर्गाचा धोका असतो. उल्हासनगर हे सुमारे १३ चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांहून अधिक वस्ती सामावणारे शहर आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी लष्करी छावणीच्या बराकींतून ते उभे राहिले आणि दाटी हा त्याचा स्वभावच बनला. अशा ठिकाणी एकदा घेतलेली चाचणी पुढील वर्षाची हमी देत नाही.

आणखी एक तुलना बोलकी आहे. ब्रिटनमधील जैविक औषधांच्या नोंदवहीवर आधारित २०१० च्या अभ्यासात क्षयरोगाचे प्रमाण दर लाख व्यक्ती-वर्षांमागे अडालिमुमॅब घेणाऱ्यांत १४४, इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत १३६ आणि एटॅनरसेप्ट घेणाऱ्यांत ३९ आढळले. या आकड्यांनी तेथील चिकित्सक धास्तावले आणि ते योग्यच होते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतातील सर्वसाधारण लोकसंख्येतच नव्या क्षयरोगाचे प्रमाण लाखामागे १९५ होते. म्हणजे कोणतेही औषध न घेणारा भारतीय हा ब्रिटनमधील ‘अतिजोखमीच्या’ रुग्णापेक्षाही अधिक प्रमाणात क्षयरोगाला सामोरा जातो. त्याच्यावर प्रतिकारदमनाची भर पडली म्हणजे काय होते, याचे उत्तर ब्रिटिश नोंदवही देऊ शकत नाही. ते उत्तर इथल्याच नोंदींतून मिळावयास हवे.

चाचणीची मर्यादाही लक्षात घेण्याजोगी आहे. मांटू चाचणी स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णात खोटी नकारात्मक येऊ शकते, म्हणून ती उपचार सुरू होण्यापूर्वी करणे श्रेयस्कर. प्रत्यक्षात मात्र मुंबईतील विशेषज्ञाकडे पोहोचण्याआधीच कित्येक रुग्ण महिनोन्‌महिने स्टिरॉइड घेत असतात. राष्ट्रीय पाहणीत आढळलेल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण छातीचा क्ष-किरण काढला नसता तर निसटले असते, ही बाब येथे विशेष महत्त्वाची ठरते. केवळ लक्षणे विचारून भागत नाही.

महाग औषधाची भीती, स्वस्त औषधाची सवय

उपलब्ध वाङ्मयाचा सर्वांत मोठा दोष त्याच्या लक्ष्यातील असमतोलात आहे. त्याचा सारा भर जैविक औषधांवर आहे. या परिसरातील रुग्णांपैकी ती परवडणारे फार थोडे. बहुसंख्यांच्या हाती असते ती प्रेडनिसोलोनची गोळी, वायसोलोन या नावाने घरोघरी परिचित असलेली, स्वस्त आणि दोन दिवसांत गुण देणारी. चिठ्ठी जुनी झाली तरी ती औषधाच्या दुकानातून मिळत राहते. सांध्यांवरच्या ‘रामबाण’ पुड्यांमध्येही स्टिरॉइड मिसळलेले असू शकते आणि रुग्णाला त्याचा पत्ता नसतो.

स्टिरॉइडचा धोका संशोधनात अज्ञात आहे असे नाही. ब्रिटनमधील कुटुंबवैद्यांच्या नोंदींवर आधारित जिक व सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात स्टिरॉइड घेणाऱ्यांत क्षयरोगाची शक्यता सुमारे पाचपट दिसली. दिवसाला १५ मिलिग्रॅमहून कमी मात्रेत २.८ पट, तर त्याहून अधिक मात्रेत ७.७ पट. २०२० मध्ये जॉर्ज व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मेडिकेअर योजनेतील आमवाताच्या रुग्णांचा अभ्यास केला. इतर औषधांवर स्थिर असलेल्या, पण स्टिरॉइड न घेणाऱ्या रुग्णांत वर्षभरात रुग्णालयात दाखल करावे लागणाऱ्या संसर्गाचे प्रमाण ८.६ टक्के होते. ५ मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत ते ११ टक्के, ५ ते १० मिलिग्रॅममध्ये १४.४ टक्के आणि त्यापुढे १७.७ टक्के झाले. हे रुग्ण बहुतांशी वयस्क अमेरिकन होते. आकडे जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. चढता क्रम मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही.

याउलट स्टिरॉइडला सरसकट खलनायक ठरवणेही अन्यायाचे होईल. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लोरिया चाचणीत ६५ वर्षांवरील ४५१ रुग्णांना दोन वर्षे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. औषध घेणाऱ्यांत दुष्परिणाम अधिक झाले, परंतु वाढ प्रामुख्याने सौम्य संसर्गांची होती, आणि आजार स्पष्टपणे आटोक्यात राहिला. ही चाचणी देखरेखीखालील होती, हे विसरता येत नाही. ५ मिलिग्रॅमची ५ मिलिग्रॅमच राहील, याची खात्री करणारी व्यवस्था तेथे होती.

उपचार थांबवणे हा संसर्गापासूनचा बचाव आहे, हा समज सर्वांत घातक होय. कोविड काळातील जागतिक संधिवात आघाडीच्या २०२१ च्या विश्लेषणात ३,७२९ रुग्णांपैकी ३९० मरण पावले. मृत्यूशी रिटुक्सिमॅब आणि दिवसाला १० मिलिग्रॅमहून अधिक प्रेडनिसोलोन यांचा संबंध आढळला, तसाच मूळ आजार अनियंत्रित असण्याचाही आढळला. धास्तीपोटी मेथोट्रेक्सेट बंद करून, सांधे सुजले की पुन्हा स्टिरॉइडकडे वळणारा रुग्ण कमी धोका टाकून अधिक धोका पत्करतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तर प्रतिकारशक्ती त्या अर्थाने दाबतच नाही. तेही ‘गरम पडते’ म्हणून बंद होते.

ताप आल्यावर

संशोधनपर निबंधांत ‘गंभीर संसर्ग’ ही एक नेटकी घटना असते : तारीख, निदान, दाखल, परिणाम. ल्यूपसच्या रुग्णाला येणारा ताप इतका सोपा नसतो. तो आजाराच्या उसळीचा असू शकतो किंवा संसर्गाचा. पहिल्यात प्रतिकारदमन वाढवावे लागते, दुसऱ्यात बहुधा कमी करावे लागते. ल्यूपसच्या उसळीत सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन सहसा फारसे वाढत नाही आणि जिवाणूसंसर्गात वाढते, हा उपयुक्त संकेत आहे; परंतु सांध्यांचा वा फुप्फुसाच्या आवरणाचा दाह असल्यास तो फसवतो. टोसिलिझुमॅब घेणाऱ्या रुग्णात हे प्रथिन न्यूमोनियातही वाढत नाही. स्टिरॉइडमुळे कित्येकदा तापच दबून जातो.

असा निर्णय बदलापुरात रात्री कोणी घ्यावयाचा? विशेषज्ञ परळला, शीवला किंवा भायखळ्याला. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा लोहमार्ग सुमारे ६८ किलोमीटरचा आहे, आणि तापाने फणफणलेल्या माणसाने लोकलच्या गर्दीत तो पार करणे कल्पनेतच शक्य. मग जवळचा दवाखाना गाठला जातो. तेथील डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर येतो तो मळकट प्लास्टिकच्या पिशवीतील केसपेपर, आणि कधी तोही नाही. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्याची गोळी उलट्यांमुळे चुकली वा कोणी थांबवली, तर अधिवृक्क ग्रंथी साथ देत नाहीत, रक्तदाब कोसळतो आणि ते संसर्गजन्य शॉकसारखेच दिसते. एकाच रुग्णात दोन्ही एकत्र असणेही संभवते.

क्षयरोगाचे निदान झाल्यावर तुटलेपणाचे आणखी एक रूप दिसते. क्षयरोगाचा उपचार स्थानिक केंद्रात सुरू होतो आणि त्यात रिफॅम्पिसिन असते. रिफॅम्पिसिन यकृतातील विकरांना चेतवून प्रेडनिसोलोनचा निचरा वेगाने घडवते. तीच मात्रा अपुरी पडू लागते. क्षयरोगाचे औषध देणाऱ्याला मात्रेची माहिती नसते आणि मात्रा ठरवणाऱ्याला क्षयरोगाची. काही आठवड्यांनी ल्यूपस उसळतो. तो कोणत्याही नोंदवहीत ‘संसर्गाचा परिणाम’ म्हणून लिहिला जात नाही.

शिफारशींत नसलेले धोके

युरोपीय संधिवात संघटनेच्या २०२२ च्या शिफारशी क्षयरोग, कावीळ ब व क, एचआयव्ही, नागीण आणि न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया यांभोवती फिरतात. त्या काळजीपूर्वक लिहिल्या आहेत, पण त्यांत पूर नाही. उल्हास नदीच्या काठी तो दुर्मिळ नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसचा उद्रेक झाला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधील सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पायाला भेगा असलेला, स्टिरॉइडमुळे कातडी पातळ झालेला रुग्ण त्या पाण्यातून चालला तर प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन केव्हा द्यावे, याबाबतचे मार्गदर्शन त्याच्या संधिवाताच्या फाइलमध्ये असावयास हवे. अनवाणी वावरातून शिरणारा स्ट्राँगिलॉइड्स कृमी वर्षानुवर्षे निमूट राहतो आणि स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेनंतर सर्वांगात पसरू शकतो. त्याचा शोध घेणे फारसे खर्चिक नाही, फक्त तो मनात यावा लागतो.

क्षयरोग प्रतिबंधक उपचारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रतिकारदमन उपचार घेणाऱ्यांचा समावेश जोखमीच्या गटात केला आहे. हे पाऊल स्वागतार्ह असले तरी ते कागदावरून उतरण्यासाठी हा गट कोठे आहे हे माहीत असावे लागते. क्षयरुग्णाला मधुमेह व एचआयव्ही यांबद्दल विचारले जाते. त्याच रांगेत स्टिरॉइडचा प्रश्न बसवणे अवघड नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे प्रथमच या पट्ट्यात अशी नोंदवही ठेवू शकेल अशी शैक्षणिक संस्था उपलब्ध झाली आहे. नोंदवही भव्य असण्याची गरज नाही. औषध कोणते, कोणत्या तारखेपासून, किती मात्रेत. छातीचा क्ष-किरण केव्हा काढला. ताप कोणत्या दिवशी आला, पहिला उपचार कोठे घेतला, आणि तेव्हा मूळ औषध चालू ठेवले की थांबवले. शेवटचा रकाना भिगवणच्या पाहणीत नाही आणि ब्रिटनच्या नोंदवहीतही नाही. तो उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथेच भरावा लागेल.