पोथीतील रेषा: नजरबादच्या निमित्ताने

म्हैसूरच्या राजवाड्याच्या पूर्वेस नजरबाद नावाची वस्ती आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडविला आणि त्याच्या दगडांतून येथे नवा किल्ला उभारावयास घेतला. 1799 मध्ये टिपूचा पाडाव झाला, तेव्हा तेच दगड पुन्हा उचलून म्हैसूरचा किल्ला बांधण्यात आला. नजरबादचा किल्ला गेला, नाव तेवढे उरले. हस्तलिखितांतील चित्रांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते वाचताना या दगडांची आठवण होते. चित्र म्हणजे जणू खाण; तीतून पुरावे काढावयाचे आणि ते दुसऱ्याच इमारतीला लावावयाचे, अशी ही रीत आहे.

याचे ठळक उदाहरण याच नगरीत सापडते. कृष्णराज वडियार तिसरे (1794–1868) यांच्या नावे असलेला ‘श्रीतत्त्वनिधि’ हा सचित्र ग्रंथ नऊ निधींचा आहे. शक्ती, विष्णू, शिव, ग्रह अशा क्रमाने देवतांची ध्याने सांगत तो अखेरीस कौतुकनिधीपाशी येतो आणि तेथे एकशे बावीस आसने चित्रांसह दिली आहेत. 1831 मध्ये इंग्रजांनी या राजाच्या हातून कारभार काढून घेतला. त्यानंतरही त्यांच्या दरबारात पंडित आणि चितारी यांचा राबता राहिला. ग्रंथाचा एक पाठ मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याने नागरीत छापला, त्यामुळे मराठी वाचकास तो सर्वस्वी परका नाही.

आसनांच्या या चित्रांकडे जगाचे लक्ष वेधले ते नॉर्मन शोमन यांच्या 1996 मधील पुस्तकामुळे. आजचा योगाभ्यास किती प्राचीन, त्यात व्यायामशाळेचा वाटा किती, हा त्यांचा प्रश्न होता आणि चित्रे ही त्या वादातील साक्ष होती. पुढे संशोधकांनी दाखवून दिले की, या आसनांचा मोठा भाग ‘हठाभ्यासपद्धति’ या ग्रंथातून आलेला आहे. त्याची पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तीत एकशे बारा आसनांची वर्णने आहेत, चित्र मात्र एकही नाही. हा शोध मोलाचा खराच. पण त्यातून निघणारा खरा कलाविषयक प्रश्न कोणी विचारीत नाही. पुण्याच्या पोथीत केवळ शब्द आहेत, म्हैसूरच्या चिताऱ्याने त्यांना देह दिला. हे देह देणे म्हणजे नेमके काय?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी थोडे दूर जावे लागेल. दहाव्या-अकराव्या शतकांतील इंग्लंडमध्ये, म्हणजे अँग्लो-सॅक्सन काळात, मठांतील चित्रकारांनी ग्रंथांची पाने रेखाटनांनी भरली. ऱ्हेम्सच्या परिसरात नवव्या शतकात तयार झालेले आणि आज उत्रेख्त येथे असलेले स्तोत्रांचे सचित्र हस्तलिखित इ. स. 1000 च्या सुमारास कँटरबरीत आले होते. तेथे त्याची नक्कल सुरू झाली. ती आज हार्ली 603 या क्रमांकाने ब्रिटिश लायब्ररीत आहे. मूळ चित्रे तपकिरी शाईची, तर नक्कल रंगीत शायांची. नक्कल करणाऱ्याने रेषेलाच रंग दिला, रेषेच्या आत रंग भरला नाही. पूर्ण रंगविलेले चित्र हेच खरे चित्र आणि रेखाटन ही त्याची पूर्वतयारी, या समजुतीला येथे छेद मिळतो. विंचेस्टरचा बिशप इथेलवोल्ड याच्यासाठी सिद्ध झालेल्या, सोन्याने झळकणाऱ्या आशीर्वचन-ग्रंथातील शेवटच्या चित्रात काही भाग रंगविलेला आणि काही केवळ रेषेत आहे. ते अपुरे राहिले की मुद्दाम तसे ठेवले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. फ्रान्सिस वर्माल्ड यांनी 1952 मध्ये या रेखाटनांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा रेषेचा विचार रेषा म्हणून करण्याची वाट रुंद झाली.

या चित्रकारांची रीत शब्दाला शब्दशः धरण्याची होती. देवा, जागा हो, निजलास का, अशा अर्थाच्या स्तोत्रापाशी उत्रेख्तच्या प्रतीत देव खरोखरच शय्येवर दिसतो. हा भाबडेपणा नव्हे. शब्दातील रूपकाला देह मिळाला की त्यातील आर्तता डोळ्यांना दिसू लागते. म्हैसूरचा चितारीही असाच शब्दनिष्ठ आहे. हात कोठे, पाय कोठे, एवढेच पोथी सांगते. शरीराचा तोल ती सांगत नाही. तो तोल रेषेला शोधावा लागतो. दोरीच्या आधाराने करावयाच्या आसनांत हे विशेष जाणवते. दोरी म्हणजे कागदावर एक रेषाच. पण देहाचा भार तिच्यावर आहे असे वाटले नाही, तर चित्र फसले. ज्याने दोरीचा मल्लखांब पाहिला आहे, त्या मराठी वाचकाला ही कसोटी निराळी समजावून सांगावयास नको.

दोन्ही परंपरांना एकाच मापाने मोजणे मात्र अन्यायाचे होईल. कँटरबरीची रेषा अस्वस्थ आहे. वस्त्रांचे काठ फडफडतात, माना पुढे झेपावतात. म्हैसूरची रेषा बंदिस्त आणि समतोल आहे. तिच्यात रंग आहे, पण आकाराचा निर्णय रेषाच करते. तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. चेहऱ्यांत भाव शोधू गेले तर फारसे हाती लागत नाही आणि पुनरावृत्तीने क्वचित कंटाळा येतो. परंतु स्थळकाळाचा पसारा दूर सारून एकट्या मानवी देहाला एवढ्या वेळा, एवढ्या स्थितींत न्याहाळणे ही लहान गोष्ट नव्हे. हे न्याहाळणे ज्याला जाणवत नाही, त्याने चित्राचा पुरावा म्हणून केलेला उपयोगही अपुराच राहतो. आसन करून पाहून काढले की केवळ शब्द वाचून, हे सांगू शकेल ती रेषाच.

1891 मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाची कीर्ती तेथे मिळालेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या पोथीमुळे झाली आणि ते योग्यच झाले. आपली विद्वत्ता संहितेवर पोसली आहे. पाठभेद तपासावयास आपण शिकलो, रेषाभेद तपासावयास शिकलो नाही. पिंगुळीच्या चित्रकथींची पाने पाहतानाही आपण आधी कथा विचारतो. नजरबादचे दगड हलविणाऱ्यांना निदान ते कोठे लावावयाचे हे ठाऊक होते. चित्रातून अर्थ उचलून नेताना मागे काय राहिले, हे पाहण्याची सवय आपल्या समीक्षेने आता लावून घ्यावयास हवी.