‘सिनेमासारखे’ दिसणे आणि फ्रेम रेट : ‘द हॉबिट’च्या निमित्ताने

पीटर जॅक्सन दिग्दर्शित ‘द हॉबिट : अ‍ॅन अनएक्स्पेक्टेड जर्नी’ (२०१२) या चित्रपटाच्या आधारे ‘सिनेमासारखे दिसणे’ या कल्पनेचा फ्रेम रेटशी असलेला संबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सेकंदाला २४ फ्रेम ही गती सौंदर्यविचारातून निश्चित झाली, असा समज आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. मूकपटांच्या काळात कॅमेरा बहुधा हाताने फिरविला जाई आणि गती एकसारखी राहत नसे. (सोळाएक फ्रेमने टिपलेले दृश्य चोवीसने दाखविले की माणसे लगबगीने चालू लागतात, फाळक्यांच्या काळातील चित्रपट पाहताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.) १९२०च्या दशकाच्या अखेरीस ध्वनी आला. त्यासाठी गती स्थिर हवी होती आणि आवाज स्पष्ट उमटेल इतकी वेगवानही; मात्र वेग वाढला की फिल्मचा खर्च वाढणार. मिनिटाला ९० फूट फिल्म, म्हणजे २४ फ्रेम, ही त्यातून निघालेली तडजोड होय.

तडजोडीचीच पुढे सवय झाली आणि सवयीला अर्थ चिकटला. २४ फ्रेम आणि १८० अंशांचे शटर असता प्रत्येक फ्रेम सेकंदाचा ४८वा भाग प्रकाश घेते. हलणारा हात किंचित पुसट होतो. ही पुसटता प्रेक्षकाने कथेशी जोडली. याउलट सेकंदाला ५० क्षेत्रे दाखविणाऱ्या आपल्या दूरचित्रवाणीची गुळगुळीत हालचाल बातम्या, क्रिकेट आणि मालिका यांच्याशी जोडली गेली.

जॅक्सन यांनी ४८ फ्रेम आणि २७० अंशांचे शटर निवडले. प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा ६४वा भाग मिळाला. पुसटता कमी होऊन त्रिमिती चित्र डोळ्यांना सुसह्य होईल, हा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या योग्यच होता. तरीही चित्रपट मालिकेसारखा दिसतो, अशी तक्रार झाली. ती केवळ सवयीतून आली, असे प्रस्तुत लेखिकेस वाटत नाही. बिल्बोच्या घरातील लाकूड आणि बुटक्यांच्या दाढ्या इतक्या स्पष्ट झाल्या की ते नेपथ्य आणि ती रंगभूषा म्हणूनच जाणवू लागले. अद्भुतकथेला जे अंतर आवश्यक असते, तेच नाहीसे झाले. उलट संगणकनिर्मित गॉलम त्याच गतीत अधिक जिवंत वाटतो, कारण त्याच्या बाबतीत उघडे पडण्याजोगे नेपथ्यच नाही!

अँग ली यांच्या ‘बिली लिन्स लाँग हाफटाइम वॉक’मध्ये (२०१६) १२० फ्रेमची निवड विषयातून येते. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला स्टेडियममधील झगमगाट असह्य होतो, तो प्रेक्षकालाही तसाच बोचावा, हे उचित आहे. पण साध्या संभाषणात तीच स्पष्टता अभिनयातील प्रयत्न दाखवून देते. शिवाय त्या गतीने तो दाखवू शकणारी चित्रगृहे जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. ‘अवतार : द वे ऑफ वॉटर’मध्ये (२०२२) एकाच चित्रपटात काही दृश्ये ४८ची, तर काही २४ची भासावीत अशी योजना केली गेली. सर्व प्रसंगांना एकच गती पुरत नाही, याची ही कबुलीच म्हणावी लागेल.

आपल्याकडील विद्यार्थी-लघुपटांत मात्र कॅमेऱ्यावर २४ आकडा निवडला की काम झाले, असे मानले जाते आणि शटर स्वयंचलित राहते. भर उन्हात ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत जाते, पुसटता नाहीशी होते, हालचाल तुटक दिसते. मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो. वास्तविक अशा वेळी भिंगापुढे प्रकाश कमी करणारी काच लावून शटर सेकंदाच्या ५०व्या भागावर ठेवणे इष्ट. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ट्यूबलाइटखाली दिव्यांची लुकलुकही त्यामुळे टळते. फ्रेम रेट २५ ठेवला तरी बिघडत नाही, कारण २४ आणि २५ यांतील भेद डोळ्यांना जाणवत नाही. डॅनी बॉइल यांचा ‘ट्वेंटी एट डेज लेटर’ (२००२) बव्हंशी कॅनन एक्सएल-१ या लहानशा व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झाला होता आणि तो जगभरच्या चित्रगृहांत चित्रपट म्हणूनच पाहिला गेला.