आर्गनची रेघ

अॅल्युमिनियमचा सांधा निरखायला अंबरनाथ पश्चिमेइतकी सोयीची जागा नाही. इथली ऑर्डनन्स फॅक्टरी बिगरलोखंडी धातूंसाठीच नावाजलेली, आणि खड्ड्यात आपटून फुटलेल्या ऑइल चेंबरांचा गॅरेजांना कधी तुटवडा पडत नाही.

गॅरेजवाले ज्याला नुसतं ‘आर्गन’ म्हणतात, ते टिग वेल्डिंग. त्याच्या रेघेवर माशाच्या खवल्यांसारखे पदर पडतात आणि बघणारा तिथेच भुलतो. खवला म्हणजे फिलरची, म्हणजे सांध्यात वितळवून भरायच्या सळईची, एक बुडी. बुड्या समान अंतरावर असतील तर हात लयीत होता. रेघ शेवटाकडे रुंदावत गेली असेल, तर जॉब तापत गेला आणि कारागिरानं करंट उतरवला नाही. मी आधी शेवटचा खवला पाहतो. तिथला खळगा न भरता आर्क तोडली असेल, तर बारीक चांदणीसारखी चीर राहते, आणि पुढची फूट बहुधा तिथूनच निघते.

रेघेच्या दोन्ही अंगांना पांढुरका, स्वच्छ पट्टा दिसला पाहिजे. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंश ओलांडले तरी तग धरतो. एसी करंटचा अर्धा फेरा तो पापुद्रा फोडतो, उरलेला अर्धा धातू वितळवतो. तो पट्टा या झटापटीची खूण. शिवाय लोखंडासारखा हा धातू लाल होऊन इशारा देत नाही. पृष्ठभाग ओला चमकला की फिलर द्यायचा. क्षणभर रेंगाळलात तर भोक.

मिग वेल्डिंगची, म्हणजे जिथे तार यंत्रातून आपोआप येते त्याची, रेघ वेगळी. लोक तिला सवयीनं ‘सीओटू’ म्हणतात, पण अॅल्युमिनियमवर तिथेही आर्गन वायूच लागतो. काम झपाट्यानं होतं, जाड पत्र्याला उत्तम. मात्र सुरुवातीला जॉब थंड असतो आणि तार भसाभस येते, म्हणून आरंभीचा इंचभर भाग नुसता वर बसलेला असू शकतो. मऊ तार फीडरमध्ये गुंतते, ती डोकेदुखी निराळीच. जुन्या गॅस वेल्डिंगबद्दल एवढंच: फ्लक्स गरम पाण्यानं नीट धुतला नाही, तर तोच पुढे धातू खातो.

आता खरी परीक्षा, म्हणजे चेंबर. ओतीव, सिलिकॉन मिसळलेलं आणि वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं. चिरेच्या टोकाला भोक पाडायचं, चीर खोबणीसारखी कोरायची, तेल काढायचं, आणि लोखंडाला कधी न लावलेला स्टेनलेस ब्रश फिरवायचा. तरी पहिल्या रेघेतून काळे बुडबुडे वर येतात. चांगला कारागीर ती रेघ घासून टाकतो आणि पुन्हा ओढतो, बहुधा ४०४३ या सिलिकॉनवाल्या मिश्रधातूच्या फिलरनं. अशा चेंबरवर देखणे खवले क्वचितच दिसतात. दिसले की मला संशय येतो. त्यापेक्षा बाहेरून खडू फासून आत रॉकेल ओतावं. खडूवर डाग उमटला नाही, तर ते ओबडधोबड काम पहिल्या नंबरचं.

खवल्यांच्या मोहाला सगळ्यात मोठा धक्का फ्रिक्शन स्टर वेल्डिंगनं दिला. इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय संस्थेत १९९१ साली ते निघालं. फिरतं हत्यार धातू न वितळवता मळतं; ना आर्क, ना फिलर. माझदानं २००३ च्या आरएक्स-८ च्या मागच्या दारांत याच जातीचे ठिपके-सांधे वापरले. त्याची रेघ सपाट, अर्धचंद्रांच्या निर्जीव ओळीसारखी. मला ती बिलकुल आवडत नाही. पण धातू वितळतच नाही, त्यामुळे बुडबुड्यांचा प्रश्न मिटतो आणि सांध्याशेजारची ताकदही तुलनेनं कमी घटते.

आर्गनचं दुखणं नेमकं तिथेच आहे. ६०६१-टी६ सारख्या उष्णतेनं कमावलेल्या मिश्रधातूत आर्कची धग शेजारची पट्टी नरम करते, आणि वरून ते कुणालाच दिसत नाही. म्हणून चिरलेला अलॉय व्हील किंवा सस्पेन्शनचा आर्म आणला की ‘हे होणार नाही, नवीन घ्या’ म्हणून परत पाठवणारा कारागीर मी सुंदर खवले काढणाऱ्याच्या वर ठेवतो. त्या नकाराचे त्याला पैसे मिळत नाहीत, आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा चिडून पुढच्या दुकानात जातं.